ज्या कायद्यापाठोपाठ आपण आलो



रीतीप्रमाणे अध्यक्षाने आधी अमेरिकेतल्या आपल्या डॉक्टरांच्या यशाची यादी वाचायची असते. ती स्मरणिकेत छापली आहे. जेवणाच्या रांगेत चाळता येईल. मला मेडिकेडविषयी, म्हणजे गरीब आणि अपंगांच्या सरकारी आरोग्यविम्याविषयी, बोलायचं आहे.

३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला त्यांनीच स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली आणि आशियाई माणसाला अडवणारी जुनी कोटापद्धत मोडीत निघाली. एका कायद्याने म्हातारे आणि गरीब रुग्ण इस्पितळात येऊ लागले, दुसऱ्याने त्यांना तपासणारे आपण. पुढे जे-१ व्हिसावर आलेल्या कितीतरी जणांनी, मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून, डॉक्टर न मिळणाऱ्या गावांत तीन-तीन वर्षं काढली. तिथे मेडिकेडचे रुग्ण किती असत, हे मी तुम्हाला सांगायला नको. आता आपल्याच पार्ट्यांत त्यांना कुणी ‘फुकटे’ म्हटलं की मला आपल्या स्मरणशक्तीची काळजी वाटते. देशातली दहांतली चार बाळंतपणं मेडिकेडवर होतात; नर्सिंग होममधल्या दहांतल्या सहा जणांचा भार तेच उचलतं. यातले फुकटे नेमके कोण?

४ जुलै २०२५ च्या कायद्यामुळे दहा वर्षांत मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च नऊशे अब्ज डॉलरहून अधिक घटेल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. ओबामांच्या काळातल्या विस्तारामुळे आत आलेल्या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवायची आणि दर सहा महिन्यांनी पात्रता तपासून घ्यायची. कामाची अट राज्यांनी १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. ऐकायला वाजवी वाटतं. आर्कान्सातही वाटलं होतं. तिथे २०१८ मध्ये काही महिन्यांत अठरा हजारांहून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं, रोजगार मात्र वाढला नाही. तासांची नोंद सुरुवातीला ऑनलाइनच करायची होती आणि ते संकेतस्थळ रात्री नऊला बंद व्हायचं! दिवसभर राबणाऱ्याने राबल्याचा पुरावा द्यायचा कधी? शेवटी २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

अपंगांना सूट आहे, असं उत्तर मिळतं. आहे. पण ज्याच्या आजारावर अजून सरकारी शिक्का बसलेला नाही, त्याला ती मागावी लागेल. आणि स्किझोफ्रेनियाचा रुग्ण अर्ज भरण्यात वाकबगार नसतो. याहून मोठी गोम पुढेच आहे. नर्सिंग होमची सोय देणं राज्यांना बंधनकारक आहे, घरी येणारी मदत बव्हंशी ऐच्छिक. तिजोरीत खड्डा पडला की ऐच्छिक ते आधी कापलं जातं. अंघोळ घालणारी, श्वासनळी साफ करणारी बाई येईनाशी झाली की घरातल्या कुणाची तरी नोकरी सुटते, बहुधा आईचीच.

अशी घरं आपल्या मंडळांतही आहेत. अनेक राज्यांत अपंग मुलाच्या मेडिकेड वेव्हरसाठी, म्हणजे नियमातून मिळणाऱ्या सवलतीसाठी, पालकांचा पगार धरत नाहीत, त्यामुळे चांगले कमावणारे मराठी आईबापही स्वमग्न मुलासाठी तो घेतात. गणपतीत भेटतात, पण मेडिकेडचं नाव काढत नाहीत. अशी सवलत नव्हती तेव्हा केटी बेकेट ही आयोवातली मुलगी घरी राहू शकत असूनही केवळ मेडिकेडच्या नियमांमुळे इस्पितळात अडकली होती. १९८१ मध्ये रीगन यांनी तिचं उदाहरण जाहीरपणे दिलं आणि ती घरी गेली. रीगन काही सरकारी खर्चाचे पुरस्कर्ते नव्हते. तेव्हा यात पक्षाची अडचण कुणी सांगू नये.

गैरव्यवहार होतात का? होतात, आणि करणाऱ्यांत आपल्या व्यवसायातले लोकही सापडतात. त्यांना पकडा. त्यासाठी रुग्णाचं कार्ड काढून घेण्याची गरज नाही.

तुमच्याकडे मागणं थोडं आहे. कामाच्या अटीतून सूट मिळण्यासाठी डॉक्टरचा दाखला लागेल तिथे तो त्याच दिवशी, पैसे न घेता द्या. क्लिनिकात एक माणूस नूतनीकरणाची पत्रं रुग्णांना वाचून, समजावून सांगायला ठेवा. घरपोच सेवांतलं काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे बऱ्याच अंशी राज्यांच्या विधिमंडळांत ठरेल. तिथले आमदार आपल्या ओळखीचे आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमाला आपणच त्यांना बोलावतो. यंदा शाल-श्रीफळ देऊन झालं की माइक त्यांच्या हातात देण्याआधी विचारा, या सेवांतलं काय कापणार?