तीन कॅसेटी आणि एक न सापडलेली

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाआधी आपण १९९६ चं गॅदरिंग पडद्यावर पाहिलं. खाली उतरल्यापासून निदान दहा जणांनी मला विचारलं, "कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घ्यायला दोन महिने कसे लागतात गं?" संयोजक म्हणाले, स्टेजवर जाऊन तूच सांग. तेव्हा सांगते.

व्हीएचएस कॅसेटी तीन होत्या. दोन शाळेच्या कपाटात, एक आपल्यातल्याच एकाच्या माळ्यावर. माळ्यावरच्या कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी आली होती. अशी कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. म्हणून आधी ती सुकवणं, साफ करणं. चालू मशीन मिळवणं हे वेगळंच काम. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिने २०१६ साली उत्पादन बंद केलं. आता जी मशीनं आहेत ती जुनी, आणि दुरुस्त करणारे हात त्याहून कमी. शिवाय तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही.

आता आकड्यांकडे येते, गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, आणि कॉम्प्युटरवर घेताना प्रत्येक चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. काहीही न दाबता साठवलं तर तासाला साधारण ७५ जीबी. तुम्ही फोनवर जे पाहाल ते तासाला एक जीबीहून कमी. म्हणजे ऐंशीतला एक भाग ठेवला आणि एकोणऐंशी टाकले. काय टाकायचं हे ठरवणं म्हणजे एन्कोडिंग.

डोळ्याला उजेड-अंधार बारीक कळतो, रंग तितका कळत नाही, म्हणून रंगाचा तपशील आधी कमी होतो. मग आधीच्या चित्रात जे होतं तेच पुढच्यात असेल तर ते पुन्हा लिहायचं नाही, फक्त बदल लिहायचा. उरलेल्याचे छोटे चौकोन करून ते कोसाइनच्या लाटांमध्ये मांडायचे आणि बारीक लाटा सोडून द्यायच्या. ही कोसाइनची पद्धत १९७४ साली ज्या तिघांनी मांडली, त्यातले नासिर अहमद हे बंगळूरचे. दहावीत "याचा पुढे उपयोग काय?" असं विचारणाऱ्या मागच्या बाकाला हे माझं उत्तर आहे.

यामुळे एक गंमत होते. हेडसरांचं बावीस मिनिटांचं भाषण एन्कोडरला फार सोपं जातं, कारण सर माइकसमोरून हलतच नाहीत. आपलं लेझीम त्याला घाम फोडतं. चाळीस मुली, मैदानाची धूळ, सगळं एकाच वेळी हलतंय. त्यात जुन्या फितीवरच्या मुंग्या. एन्कोडरला मुंगी आणि माणूस यातला फरक कळत नाही, तो मुंग्यांवरही तितकीच जागा खर्च करतो. मुंग्या जरा जास्त पुसल्या की चेहरे मेणाचे दिसायला लागतात. शेवटी थोड्या मुंग्या राहू दिल्या.

लेझीमची दुसरी अडचण म्हणजे दातेरी हात. जुन्या टीव्हीला चित्र दोन हप्त्यांत यायचं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. फोन दोन्ही हप्ते एकदम दाखवतो, त्यामुळे हलता हात कंगव्यासारखा दिसतो. बरेच जण अशा वेळी एक हप्ता टाकून देतात. मी दोन्ही ठेवून सेकंदाला ५० पूर्ण चित्रं केली. मघाशी लेझीमची लय खरी वाटली असेल, तर ती त्यामुळे.

कापाकापी जवळजवळ केली नाही. शूटिंगवाले मुळात लग्नाचे, त्यामुळे बक्षीस समारंभात अध्यक्षांच्या चेहऱ्याभोवती बदाम उमटतो. तो काढा असा आग्रह झाला. मी ठेवला. विजेचा गुणगुणाट तेवढा आवाजातून काढला.

आज जे आले नाहीत, ते आत्ता घरून पाहत आहेत. त्यांच्यासाठी हे चित्रण काही सेकंदांच्या तुकड्यांत जातं, आणि प्रत्येक तुकडा तीन-चार आकारांत तयार असतो. ज्याची रेंज जशी, तसा आकार त्याचा फोन उचलतो. सगळ्यात लहान आकारात चित्र अगदी धूसर आहे, पण आवाज सगळ्या आकारांत एकसारखा ठेवला आहे. बाईंची हाक ऐकू आली पाहिजे, साडीचा रंग नाही दिसला तरी चालेल.

आता थोडं अवघड बोलते. लेझीमच्या तिसऱ्या रांगेत आपली एक मैत्रीण आहे, जी आज आपल्यात नाही. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिच्या घरच्यांना तो चेहरा मोठा करून हवा होता. त्या फितीत तिचा चेहरा पंधरा-वीस ठिपक्यांचा आहे. एआयने तो स्वच्छ करून मिळेल असं कुणी त्यांना सांगितलं होतं. मिळेलही. डोळे, भुवया, दात, सगळं येईल. पण फितीत जे नाहीच ते सॉफ्टवेअर हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाजाने भरतं. तो चेहरा तिचा नसेल. मी त्यांना मूळ चित्रच दिलं, धूसर. तिची आई म्हणाली, हात उचलायची पद्धत तिचीच आहे.

म्हणून एक प्रत काहीही न टाकता, बिट न् बिट परत मिळेल अशी साठवली आहे. तासाला पंचवीस-तीस जीबी होतात, होऊ देत. एक डिस्क शाळेच्या ग्रंथालयात आहे, दुसरी माझ्याकडे. तुम्हाला लिंक मिळेल ती फक्त आपल्या गटापुरती आहे. त्यातली क्लिप व्हॉट्सॲपवर टाकाल तेव्हा ती आणखी दाबली जाईल. बघायला हरकत नाही, पण तिला मूळ प्रत समजू नका. आणि जी आपली मुलं नव्हेत त्यांचे चेहरे उघड्यावर टाकू नका.

१९९७ च्या निरोप समारंभाची कॅसेट मात्र सापडलेली नाही. शूटिंग झालं होतं, हे इथल्या अनेकांना आठवतं. त्या दिवशी तिने भाषण केलं होतं, आणि तिचा बोलता आवाज दुसरीकडे कुठेच नाही. कॅसेट कुणाच्या तरी घरी असणार. तिच्यावर लेबल 'ताईचं लग्न' असं असेल, पुढे एखादी मालिकाही रेकॉर्ड झाली असेल, तरी आणा. शेवटची दहा मिनिटं उरलेली असू शकतात. सापडली तर चालवून पाहू नका. कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग कोरड्या कापडात गुंडाळून शाळेच्या ऑफिसात द्या. मी येऊन घेऊन जाईन.