कृष्णेच्या नावाची नौका



महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्या कृष्णेच्या नावाची एक युद्धनौका होती. इंग्रज सरकारच्या दप्तरात कृष्णा नदी ‘किस्तना’ अशी लिहीत, म्हणून नौकेचं नावही किस्तना पडलं. १९४३ साली ग्लासगोच्या यारो कंपनीच्या गोदीत ती पाण्यात उतरली. महायुद्धात तिनं ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर काम केलं आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय नौदलात आली.

पण आज मी तिच्याबद्दल बोलतो आहे ते तिच्या तोफांसाठी नाही. १९६२ ते १९६५ या काळात तिनं समुद्र मोजला, त्यासाठी.

त्या वेळी हिंदी महासागराची माहिती जगाला फारच थोडी होती. अटलांटिकचे ढीगभर नकाशे होते, आणि ज्याच्या पावसावर आपली शेती उभी, तो समुद्र मात्र जवळजवळ कोरा. म्हणून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली. अनेक देशांची मिळून चाळीसच्या आसपास जहाजं तिच्यात होती आणि त्यांतल्या कित्येकांचा जन्म भलत्याच कामासाठी झालेला होता. रशियाचं ‘वित्याज’ हे मुळात १९३९ साली जर्मनीत बांधलेलं मालवाहू जहाज. अमेरिकेचं ‘अँटन ब्रून’ म्हणजे तर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची शाही नौका. दिवाणखाने काढून तिच्यात प्रयोगशाळा बसवल्या. भारताजवळ संशोधनासाठी बांधलेलं मोठं जहाज नव्हतंच. नौदलानं किस्तना दिली.

तिच्या डेकवर काम कसं चाले ते सांगतो. एका लांब तारेवर ठरावीक अंतरानं धातूच्या बाटल्या अडकवून तार समुद्रात सोडायची. मग वरून एक पितळी वजन तारेवरून खाली सोडायचं. ते घसरत जाऊन पहिल्या बाटलीवर आदळलं, की बाटली उलटी होऊन बंद होते आणि तिच्याखाली टांगलेलं दुसरं वजन सुटतं, ते पुढच्या बाटलीकडे जातं. बाटली उलटताना तिच्यावर बसवलेल्या तापमापकातली पाऱ्याची रेघ तुटते. त्या खोलीवरचं तापमान तसंच अडकून राहतं, वर आणेपर्यंत बदलत नाही. मला या युक्तीचं आजही कौतुक वाटतं. बाटली बंद करायला विजेची तार नाही, यंत्र नाही. लोंबकळती तार, एक वजन आणि हात लावून वाट पाहणारा माणूस.

शिवाय जाळी असे. दोनशे मीटर खोलीपासून ती सरळ वर ओढायची, तिच्या तळाशी जमलेले सूक्ष्म जीव फॉर्मॅलिनच्या बरणीत घालायचे, चिठ्ठी लावायची. जहाजांनी एकाच मापाची जाळी वापरली, म्हणून सोमालियाजवळची बरणी केरळजवळच्या बरणीशी ताडून पाहता आली. या बरण्या निवडण्याचं केंद्र आपल्याकडेच, कोचीला होतं.

वारा फिरला की सोमालियाजवळचा प्रवाह उलटा वाहू लागतो, हे खलाशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. किती खोलीपर्यंत, किती वेगानं, हे आकड्यांत मांडायला ही मोहीम लागली.

मोहिमेतल्या भारतीय कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. एन. के. पणिक्कर होते. मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि तेच तिचे पहिले संचालक. आज गोव्यात दोना पावलाच्या टेकडीवर दिसते, ती हीच. तिचं पहिलं मोठं जहाज ‘गवेषणी’ १९७६ साली आलं. तेसुद्धा मुळात गाळ वाहून नेणारी बार्ज होती. २६ जानेवारी १९८१ रोजी याच गवेषणीनं हिंदी महासागराच्या तळातून बटाट्यासारखे दिसणारे धातूंचे गोळे भारतासाठी पहिल्यांदा वर काढले.

त्याच वर्षी किस्तना नौदलातून निवृत्त झाली आणि पुढे मोडीत निघाली. वित्याज मात्र कालिनिनग्राडच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभं आहे, पाहता येतं. आपण किस्तनाला तसं राखलं नाही, ही आपली चूक झाली.

नौका गेली, माणसं अजून असतील. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतले लोक नौदलात होते. तुमच्या घरात किंवा वाडीत कुणी आजोबा किस्तनावर असतील, तर त्यांच्याजवळ बसा, तारेवर बाटल्या कुणी चढवल्या ते विचारा आणि ते सांगतील तसं वहीत उतरवून ठेवा.