पदवीचे गुण आणि पुढील शिक्षण
(मंडळाच्या गुणगौरव समारंभातील भाषण)



आज ज्या मुलामुलींचा गौरव झाला त्यांचे अभिनंदन करून, त्यांच्या मातापितरांशी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे आकुर्डी, भोसरी, चाकण येथवर कारखानदारी पसरली आणि नोकरीच्या निमित्ताने कुटुंबे येथे स्थिरावत गेली. त्यांतून एक समजूत रूढ झाली, की नोकरी लागली म्हणजे गुणपत्रिका कपाटात ठेवून द्यावयाची. कारखान्यात काम पाहतात, गुण कोण पाहतो? नोकरीपुरते हे खरे असेल. परंतु चाकणला तीन वर्षे काम केलेला अभियंता पुढे शिकू म्हणतो, तेव्हा तीच गुणपत्रिका बाहेर काढावी लागते आणि तीतील अंक आता बदलता येत नाहीत.

एम.टेक.च्या प्रवेशास ‘गेट’ परीक्षेचे गुण महत्त्वाचे, हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि अनेक आय.आय.टी.मध्ये सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारास पदवीच्या किमान गुणांचीही अट असते. ती बहुधा ६० टक्के वा तत्सम श्रेणीची. व्यवस्थापनाच्या ‘कॅट’ परीक्षेस त्याच प्रवर्गास पदवीचे ५० टक्के गुण पुरतात. पण बंगलोरची आय.आय.एम. मुलाखतीसाठी निवड करताना दहावी, बारावी व पदवी या तिन्हींचे गुण हिशेबात धरते.

चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मनीस जाऊन शिकावे, ही आकांक्षाही आता आपल्या घरांत नवी राहिलेली नाही. तेथे १ हा सर्वोत्तम अंक आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपल्याकडील १० पैकी ७ श्रेणी, उत्तीर्णतेची मर्यादा ४ धरली असता, तेथील प्रचलित सूत्राने २.५ होते, आणि कित्येक अभ्यासक्रमांची प्रवेशमर्यादा नेमकी २.५ हीच असते.

आता घरचा हिशेब पाहा. पहिल्या दोन सत्रांत ५.५ आणि उरलेल्या सहांत प्रत्येकी ७.५ मिळाले, तर श्रेयांक सारखे धरता सरासरी ७ भरते. सहा सत्रे चांगला अभ्यास करूनही मुलगा केवळ उंबरठ्याशी पोहोचतो. त्या दोन सत्रांत ६.५ असते, तर सरासरी ७.२५ झाली असती. मराठी माध्यमातून आलेले मूल प्रथम वर्षी इंग्रजी पुस्तकांपुढे बावरते; “रुळेल हळूहळू,” असे आपण म्हणतो. ते रुळतेही, पण तोवर गेलेले गुण सरासरीतून जात नाहीत. या चुकीत आम्ही वडीलधारेही भागीदार आहोत, कारण दहावी-बारावीस रात्री जागणारे आपण, पदवीच्या पहिल्या सत्राचा निकाल विचारावयास विसरतो.

ज्यांचे गुण कमी पडले त्यांनी मात्र खचून जाऊ नये. ‘गेट’ पुन्हा देता येते, तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. आणि कित्येक व्यवस्थापन संस्था कामाच्या अनुभवासही मोल देतात. सर्व दारे बंद होत नाहीत. काही अरुंद होतात, इतकेच.

आमची विनंती एवढीच, की ज्ञातीतील अभियंत्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ प्रथम वर्षाच्या मुलामुलींस द्यावी. पारितोषिकापेक्षा त्या वेळी मिळालेला हात त्यांस अधिक उपयोगी पडेल.