मामांच्या वाडीतली केळ

आदरणीय गुरुजन आणि १९८६ च्या दहावी 'ब' मधल्या मित्रमैत्रिणींनो,

काल डोंबिवली स्टेशनवर आपल्यातल्याच एकाने विचारलं, "तू इतकी वर्षं नेमकं केलंस काय?" मी म्हटलं, "केळीच्या मर रोगावर काम." तो हसला. म्हणून आज ही पाच मिनिटं मागून घेतली.

आठवतंय, बाईंनी वर्गात केळं उभं कापून आतले काळे ठिपके दाखवले होते? "ही न झालेली बी," असं त्या म्हणाल्या होत्या. बी नाही, म्हणून केळ मुनव्यांपासून लावायची. म्हणजे एका जातीची सगळी झाडं जवळजवळ एकाच झाडाच्या प्रती. एकाला जो रोग मारतो, तो सगळ्यांना मारतो.

नववीच्या सुट्टीत मी वसईला मामांकडे होतो. वसई तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. दुसऱ्या एका वाडीतून वेलचीचे मुनवे सायकलवर बांधून मी मोठ्या हौसेने आणले. पुढच्या वर्षी झाडांची खालची पानं कडेने पिवळी पडली, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागली. मामांनी खोड चिरलं, तर आत तांबूस रेषा. फ्युजेरियम ही बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. फवारणीने ती जात नाही. जमिनीत वर्षानुवर्षं दबा धरून बसते. रोग बहुधा माझ्याच मुनव्यांबरोबर आला होता. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत.

त्याच जमिनीत त्यांनी बसराई लावली. ती तगली, औषधाने नव्हे, अंगच्या प्रतिकारशक्तीने.

जगातही हेच घडलं. या रोगामुळे ग्रो मिशेल ही जात निर्यातीच्या बाजारातून गेली आणि १९६० च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली बसराई याच गटातली, रावेर-सावद्याकडची ग्रँड नैनही याच गटातली. पण या बुरशीचा 'टीआर-४' हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात पोचला आहे.

मार्ग आहेत. तैवानमध्ये ऊतिसंवर्धित रोपांतून तग धरणारी रोपं निवडली गेली. आग्नेय आशियातल्या रानटी, बीवाल्या केळीतलं एक प्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून ऑस्ट्रेलियात 'क्यूकॅव्ह-४' तयार झाली. तिला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रातही काम चालू आहे. पण नवी जात शेतापर्यंत यायला वर्षं लागतात.

तोवर एवढंच करा. ज्यांच्या गावी बागा आहेत, त्यांनी कुणी प्रेमाने दिला तरी परका मुनवा आणू नका. खात्रीची ऊतिसंवर्धित रोपंच लावा. दुसऱ्याच्या बागेतून आलात, तर चपलांची माती धुऊनच आपल्या बागेत पाय ठेवा.

बाई, ते काळे ठिपके मी अजून विसरलेलो नाही. आणि ती सायकलही.