टिटवीचं देणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पक्ष्यांचे फोटो काढायचा छंद आहे असं कळलं, की लोक पहिला प्रश्न लेन्सचा विचारतात. केवढी आहे, कितीला पडली? दुसरा प्रश्न ठरलेला, ‘भिगवणला रोहित पाहून आलात की नाही?’ भिगवणला मी गेलो आहे. आमच्या इंद्रायणीचं पाणी तुळापूरला भीमेत मिळतं आणि पुढे उजनीच्या त्याच जलाशयात पोचतं, त्यामुळे ते काही परकं वाटलं नाही. पण माझ्याकडचे बहुतेक फोटो मावळातल्या आंबी गावाच्या चार-पाच किलोमीटरच्या आतले आहेत.

तळेगाव स्टेशनकडून आंबीला येताना इंद्रायणीवरचा पूल लागतो. मी कारखान्यात नोकरीला होतो तेव्हा रोज दोनदा तो ओलांडायचो. पहिल्या पाळीला निघालो की पुलावर नुकतं उजाडत असायचं. कठड्याला सायकल टेकवून पाच मिनिटं खाली बघायचं, एवढीच या छंदाची सुरुवात. तेव्हा फिल्मचे दिवस होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि महिन्याला एकच रोल परवडायचा. त्यामुळे बटण दाबण्याआधी पक्षी बघावा लागे. तो कुठून येतो, कुठल्या फांदीवर पुन्हा पुन्हा बसतो, उडण्याआधी मान कशी करतो, हे कळल्याशिवाय फोटो वाया घालवणं जिवावर यायचं. आज डिजिटल कॅमेरा एका सेकंदात दहा-वीस फोटो घेतो. सोय झाली खरी, पण बघायची सवय मला त्या छत्तीस फोटोंनी लावली.

एकाच जागी वर्षभर फिरलं, की ऋतू कॅलेंडरात बघावा लागत नाही. आंबीचं वर्ष माझ्यासाठी जूनमध्ये सुरू होतं. भातखाचरांत चिखलणी सुरू झाली की गायबगळे औताच्या मागे चालू लागतात. हिवाळ्यात पांढराशुभ्र असणारा हा पक्षी विणीच्या दिवसांत डोक्यामानेवर नारिंगी होतो. नदीकाठच्या बाभळींवर सुगरण पक्ष्याचे पिवळेधमक नर घरटी विणायला घेतात. अर्धं घरटं झालं की मादी पाहणीला येते. पसंत पडलं तर काम पुढे चालू, नाही तर ते तसंच लोंबकळत राहतं. एकेका झाडावर इतकी अर्धी घरटी का असतात, ते मला दुर्बिणीतून तासन् तास बघितल्यावर उमगलं. याच दिवसांत लोणावळ्याच्या बाजूला, ओढ्या-धबधब्यांजवळ शीळकरी कस्तूर गातो. शाळा चुकवलेला एखादा पोरगा मजेत शीळ घालत चालला आहे, असंच वाटतं. त्याचा फोटो मात्र क्वचितच नीट येतो. उजेड कमी, लेन्सवर दमट धुकं आणि पक्षी काळानिळा. तरी दर पावसाळ्यात मी जातो. न आलेल्या फोटोंचीही एक मजा असते.

सोनकीची पिवळी फुलं ओसरायला लागली, की थिरथिऱ्याची वाट बघायची. सतत शेपटी थरथरवतो म्हणून थिरथिरा. चिमणीएवढा जीव, पण हिमालयाच्या बाजूने आणि त्याच्याही पलीकडून येतो आणि आमच्या कुंपणाच्या भिंतीवर बसतो. तो ज्या दिवशी पहिल्यांदा दिसतो, ती तारीख मी वहीत लिहितो. नदीतल्या दगडांवर धोबी पक्षी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस फुलले, की तिथे भोरड्यांचे थवे उतरतात. नवशिक्याने सुरुवात करावी ती याच दिवसांत. झाडावर पानं नसतात, उजेड भरपूर असतो आणि आपण कुठे जायचं नसतं. फुललेल्या झाडापासून जरा लांब गुपचूप बसावं, पक्षी येतातच.

मग येतो एप्रिल. आणि इथे मला तुम्हाला माझी एक चूक सांगायची आहे.

२००३ सालची गोष्ट. माझ्याकडे चारशे मिलिमीटरची जुनी लेन्स नुकतीच आली होती आणि तिच्यात काय काय मावतं, हे बघण्याची घाई झाली होती. नदीच्या वरच्या अंगाला तेव्हा मोकळा माळ होता. तिथे टिटवीची अंडी सापडली. जमिनीवर नुसता खळगा, त्यात चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, खड्यांत खडे मिसळावेत तशी. फोटोत गवताचा एक झुबका आडवा येत होता. मी तो उपटला. बाजूचे दोन दगडही हलवले आणि कॅमेरा लावून बसलो.

सकाळचे साडेदहा वाजले होते. ऊन चढत होतं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मला वाटलं, थोडा वेळ ओरडेल आणि बसेल. ती नदीकडे गेली आणि पोट भिजवून परत आली. उन्हाळ्यात टिटवी असं करते. पोटाची पिसं ओली करून अंड्यांवर बसते, म्हणजे ती तापत नाहीत. पण मी तिथेच होतो. ती वीस पावलांवर ओल्या पोटाने उभी राहिली आणि पाणी निथळून वाळून गेलं. मी तो फोटो काढला. ती पुन्हा गेली, पुन्हा भिजून आली, पुन्हा उभी राहिली. बारा वाजता मी उठलो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर गेलो, तर खळग्यात कवचाचे दोन तुकडे. जवळच एक म्हातारे बाबा गुरं राखत होते. मी विचारलं, ‘बाबा, इथली अंडी कुणी नेली?’

ते म्हणाले, ‘कुनी न्येली न्हाई, सायेब. तुमी गवात उपाटलं ते कावळ्यानं बघितलं. तुमी गेलात आन् तो आला. आमी बी बघतो की अंडी. टिटवीनं उंचावर घातली का खाली, त्याच्यावरनं पावसाचा अंदाज घेतो. पन लांबूनच बघतो.’

रोल धुऊन यायला आठवडा लागला. त्यातला एक फोटो फार सुरेख आला होता. टिटवी, तिच्या पोटावरून निथळणारे थेंब, मागे तापलेला माळ. तो मी एका प्रदर्शनात लावला. खाली नाव दिलं ‘माया’. लोक थांबून बघत होते. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, ‘काका, मग ती बसली का अंड्यांवर?’ मी म्हणालो, ‘हो, बसली.’

फोटो खोटा नव्हता. माझं बोलणं खोटं होतं.

खोट्या नोंदीची किंमत किती मोजावी लागते, याची एक गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला खात्रीने दिसलं नव्हतं. मधल्या काळातला एकच पुरावा होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळवल्याची चिठ्ठी एका नमुन्याला बांधलेली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे भलत्याच जागी फिरले. तो नमुना मुळात दुसऱ्याने मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि चिठ्ठी बदललेला होता, हे पुढे पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणलं. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात, शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. त्याचं चित्रण करून त्यांनी तो जगाला दाखवला. एक खोटी चिठ्ठी पक्ष्याला हरवून ठेवू शकते आणि एक खरी नोंद त्याला परत आणू शकते.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या ‘हो, बसली’ची आठवण झाली. तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. घरट्याचे आणि अंड्यांचे फोटो काढत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्यात संरक्षण आहे. पण कायदा माळावर आपल्याबरोबर येत नाही, तिथे आपणच असतो. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिफीत लावत नाही. तो ओरडायला लागला, घास चोचीत धरून घुटमळायला लागला, की मी मागे सरतो. आणि प्रत्येक फोटोमागे तारीख, जागा आणि खरं काय घडलं ते लिहितो.

अशा साध्या नोंदींचं मोल मोठं आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी त्या आठवड्यात एक वही आणि घरात असेल तो कॅमेरा घ्यावा. रोज एकाच झाडाखाली अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे.

आंबीचा तो माळ आज उरलेला नाही. औद्योगिक वसाहत वाढत गेली, कुंपणं आली. मी तक्रार कोणत्या तोंडाने करू? माझी भाकरी त्याच वसाहतीने दिली. पण टिटवी गेलेली नाही. एका आवारातल्या बांधकामाच्या खडीवर ती अंडी घालते. रखवालदाराने मला ती जागा दाखवली, आणि भोवती चार विटा मांडून ट्रक लांबून वळवायला लावले. मी त्या अंड्यांचा फोटो काढला नाही. पिल्लं बाहेर पडून आईमागे पळायला लागली तेव्हा रस्त्यावरून, लांबून एक काढला. पिल्लं फोटोत तिळाएवढी दिसतात.

शाळांमध्ये चित्रं दाखवायला बोलावतात तेव्हा मी २००३ चा फोटोही नेतो. त्याचं नाव आता काढून टाकलं आहे. मुलांना सगळी हकिगत सांगतो. पण जिला सांगायला हवी होती, ती मुलगी पुन्हा भेटली नाही. ती आता तिशीची असेल. कुठे रेडिओ ऐकत असेल, तर तिच्यासाठी एवढंच. नाही बाळा, ती बसली नाही. मी तिला बसू दिलं नाही.