हायड्रोजनची नळी : जोडणी आणि चाचणी

(धारगळ, ता. पेडणे येथे प्रयोगशाळांतील कर्मचारीवर्गापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



11 डिसेंबर 2022 रोजी ह्या धारगळ गावी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. औषधनिर्मितीचा उद्योग तर गोव्यात त्यापूर्वीच रुजलेला होता. औषध आले की त्याची परीक्षा आली, आणि परीक्षेबरोबर गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र आले. वनस्पतींतील सुगंधी तेलांचे घटक किंवा गोळीत राहून गेलेला द्रावक मोजताना ह्या यंत्रात बहुधा हायड्रोजनची एक बारीक ज्योत जळत असते. त्या ज्योतीपर्यंत वायू पोहोचविणाऱ्या नळीविषयी मला आज बोलावयाचे आहे.

स्वयंपाकाच्या गॅसने आपल्या अंगी काही सवयी बाणविल्या आहेत. गळती आपण नाकाने ओळखतो, कारण त्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, हेही आपणांस ठाऊक असते. पेटला तर ज्योत दिसते. हायड्रोजनपुढे ह्या तिन्ही सवयी निरुपयोगी ठरतात. त्याला वास नाही. हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतकाच जड असल्याने तो छताकडे धाव घेतो. आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ अदृश्य असते. हवेत त्याचे प्रमाण 4 पासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी मिश्रण पेट घेऊ शकते. त्यासाठी लागणारी ऊर्जा अवघी 0.02 मिलिज्यूल असते. नायलॉनच्या कपड्यातून उडणारी ठिणगीही तेवढ्यास पुरते. तात्पर्य, हा वायू आपली चाहूल देत नाही. ती आपणच चाचणीने घ्यावी लागते.

हे भय काल्पनिक नाही. 5 डिसेंबर 2018 रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एका प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक मृत्यू पावला व तिघे जखमी झाले. 10 जून 2019 रोजी नॉर्वेत ऑस्लोजवळील सँडविका येथे वाहनांना हायड्रोजन पुरविणाऱ्या केंद्रावर स्फोट झाला. साठवण-टाकीच्या एका बुचाचे आतले बोल्ट जोडणीच्या वेळी पुरेसे आवळले गेले नव्हते, असे चौकशीत आढळून आले. इतक्या प्रगत देशात, इतक्या आधुनिक यंत्रणेत, चूक झाली ती पान्याच्या काही फेऱ्यांची!

आता आपल्या खोलीचा हिशेब पाहू. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद व 3 मीटर उंच खोलीत 60 घनमीटर हवा मावते. तिच्यात 4 टक्के हायड्रोजन होण्यास 2.4 घनमीटर वायू पुरे. आणि सुमारे 150 बार दाबाने भरलेल्या एका मोठ्या सिलिंडरमध्ये 7 घनमीटर वायू असतो. उलटपक्षी, यंत्राची ज्योत मिनिटाला 40 मिलिलिटर वायू घेते असे धरल्यास आठ तासांच्या दिवसाला 20 लिटरही लागत नाहीत. म्हणजे वर्षभराचा साठा आपण उशाशी घेऊन बसतो. म्हणून पहिला प्रश्न असा की, सिलिंडर खोलीत हवाच कशाला? पाण्यापासून गरजेपुरता हायड्रोजन तयार करणारे लहान जनित्र वापरावे. ते शक्य नसल्यास सिलिंडर इमारतीबाहेर, सावलीत, हवेशीर जागी, साखळीने बांधून उभा ठेवावा आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरपासून दूर असावा.

सिलिंडर भरणे व तपासणे ह्यांसाठी 'गॅस सिलिंडर नियम, 2016' आहेत आणि त्यांचा अंमल नागपूरला मुख्यालय असलेली केंद्रीय संघटना पाहते. त्यापुढील नळी मात्र आपल्या इमारतीत, आपल्या देखरेखीखाली घातली जाते. ती 316 एल जातीच्या स्टेनलेस पोलादाची, शक्यतो अखंड असावी. जोड जितके कमी तितक्या गळतीच्या जागा कमी. भिंतीच्या आत किंवा कृत्रिम छताच्या वर जोड ठेवू नये. फेरूलचे जोड वापरल्यास एका उत्पादकाचा नट व दुसऱ्याचे फेरूल अशी सरमिसळ करू नये. सामान्यतः पाव इंची नळीचा नट बोटांनी घट्ट झाल्यावर सव्वा फेरा आणि अष्टमांश इंची नळीचा पाऊण फेरा आवळतात. तरी उत्पादकाची सूचना अखेरची मानावी. हायड्रोजनच्या सिलिंडरचे आटे डावे असतात, ते चुकीची जोडणी होऊ नये म्हणूनच. मधला तुकडा घालून त्यावर मात करणे म्हणजे स्वतःचेच कुंपण मोडणे होय.

चाचणी हायड्रोजनने कधीही करू नये, नायट्रोजनने करावी. प्रथम सुमारे दीड बारपर्यंत दाब देऊन जोड पाहावेत, नंतर टप्प्याटप्प्याने तो आराखड्यातील दाबाच्या 1.1 पट न्यावा. त्या वेळी जवळ कोणी उभे राहू नये, कारण कोंडलेल्या वायूत मोठी शक्ती साठलेली असते. मग दाब आराखड्याइतका उतरवून प्रत्येक जोडास साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसल्यास दाब पूर्ण काढूनच जोड आवळावा. गळणाऱ्या जोडावर टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. अतिसूक्ष्म गळतीसाठी हेलियम व त्याचा शोधक वापरावा.

दाब धरून ठेवण्याच्या चाचणीत एक फसगत हमखास होते. सकाळी 25 अंशांवर गेज 10 बार दाखवितो, म्हणजे वातावरणाचा दाब धरून 11. दुपारी नळी 33 अंशांपर्यंत तापली तर गळती नसताना काटा सुमारे 10.3 वर चढावयास हवा. तो 10 वरच राहिला, तर आपण समाधानाने सही करतो. वस्तुतः तेवढा वायू निसटलेला असतो! म्हणून दाबाबरोबर तापमानही लिहावे. तापमानाची नोंद नसलेला दाखला अपुरा समजावा.

चाचणीनंतर नळीतील हवा नायट्रोजनने पूर्ण घालवूनच हायड्रोजन सोडावा. नळीतून बाहेर काढलेला वायू छपराच्या वर मोकळ्या हवेत जाऊ द्यावा. आपली जुनी कौलारू घरे वरून श्वास घेत. आजच्या वातानुकूलित खोलीत छताखालीच वायू कोंडतो. यास्तव संवेदक छतालगत बसवावा व हवेत 0.4 टक्का हायड्रोजन होताच त्याने इशारा द्यावा. पावसाळ्यात वीज जाते आणि पंखे थांबतात. म्हणून वीज जाताच आपोआप बंद होणारी झडप सिलिंडरजवळ अवश्य असावी. खारी हवा आणि दमटपणा ह्यांमुळे आधार, पट्ट्या व रेग्युलेटर यांवर गंज चढतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर त्यांची तपासणी करावी. नळीला हात लावणारी प्रत्येक दुरुस्ती झाली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

मित्रहो, चाचणीच्या दाखल्यावर सही करणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या दिवशी त्या खोलीत नसतो. तेथे असते नुकतीच नोकरीस लागलेली एखादी मुलगी, जी नळीवर विश्वास ठेवून ज्योत पेटविते. तिला वास येणार नाही, ज्योत दिसणार नाही. तिच्यापाशी असेल केवळ आपली सही. तो कागद खरा असावा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.