‘वय झालंय’ हे निदान नव्हे
(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, माझी नोकरीची सगळी वर्षं सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात गेली. मी नर्सिंगवर बोलणार आहे, पण तुम्ही नर्स नसलात तरी विषय तुमचाच आहे. दादीला वेळेवर गोळ्या देणं, नानांना संडासला नेणं, रात्री उठून पाणी देणं हे नर्सिंगच आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून जास्त होती. त्यांची बहुतेक शुश्रूषा घरातच होते, आणि ती तुमच्यासारखीच माणसं करतात.

शरीराकडे आपण लक्ष देतो, बीपी-शुगर तपासतो. मनाचं काही बिघडलं की मात्र दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘वय झालंय त्यांचं.’ दुसरं, ‘बाहेरचं काहीतरी झालंय.’ या दोन्ही वाक्यांमुळे डॉक्टरकडे जायला उशीर होतो आणि हा उशीर कधी कधी जिवावर बेततो. म्हणून तीन अवस्था वेगवेगळ्या ओळखायला शिका.

पहिली, डेलिरियम. काल नीट बोलणारी दादी आज घरातल्यांना ओळखत नाही, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते. सकाळी जरा बरी असते, रात्री पुन्हा तेच. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत असा बदल झाला, तर कारण बहुधा शरीरात असतं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, शुगर उतरणं, नव्यानं सुरू झालेली गोळी. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही असं होतं. रमजानात गोळ्यांच्या वेळा बदलतात, पाणी कमी पोटात जातं. म्हणून रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. असा रुग्ण आरडाओरडा करतोच असं नाही. कधी तो नुसता गुंगीत पडून राहतो आणि घरच्यांना वाटतं, शांत झोपलाय. ही इमर्जन्सी आहे. आधी रुग्णालय, बाकी सगळं नंतर.

दुसरी, नैराश्य. म्हातारी माणसं ‘मला उदास वाटतं’ असं सहसा म्हणत नाहीत. अंग दुखतं, भूक नाही, झोप नाही, असं सांगतात. रोज चौकात बसणारे, जुम्म्याला न चुकता जाणारे अब्बा घराबाहेर पडेनासे होतात. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही, तो उपचारानं बरा होणारा आजार आहे. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बंद करू नका.

तिसरी, डिमेन्शिया. हा महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. इथे वाद घालून काही साधत नाही. वारलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या आजीला दर वेळी ‘ते गेले’ असं सांगितलं, तर तिला दर वेळी नवा धक्का बसतो. ‘त्यांची आठवण येतेय का?’ असं विचारा, तिला बोलू द्या. खोलीत मोठं घड्याळ, कॅलेंडर, रात्री मंद दिवा ठेवा. चष्मा आणि कानाचं मशीन तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस एकटा पडतो, आणि आपण त्यालाच चिडका ठरवतो.

बोलताना समोर बसा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या. आंघोळ घालताना अंगावर कापड राहू द्या. लाज म्हातारपणी संपत नाही. लसूण सोलता येत असेल तर सोलू द्या. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे रोज ऐकून माणसाला वाटू लागतं की आपली कुणाला गरज उरली नाही.

‘आता अल्लाहनं बोलवावं’ असं घरोघरी म्हटलं जातं. ते नुसती सवय म्हणून सोडून देऊ नका. थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन, १४५६७. सरकारी जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

शेवटचं, खास मुलांसाठी. घरात हे सगळं करतं कोण? बहुतेक वेळा अम्मी, भाभी किंवा बहीण. रात्र रात्र जागणाऱ्या बाईचा आवाज चढला की तिला बोल लावले जातात. तिची झोप कुणी मोजत नाही. तिचं मनही आजारी पडू शकतं. आईवडिलांची सेवा हे पुण्य असेल, तर ते एकट्या सुनेच्या वाट्याला का?

घरी गेल्यावर दोन कामं करा. सगळ्या गोळ्यांची नावं आणि वेळा एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आणि आठवड्यातल्या दोन रात्री आपल्या नावावर घ्या.